दारातून परत गेलेली गाडी

इनोबतने तंदूरला लावलेल्या रोट्यांशिवाय त्या मोहल्ल्यात कुणाचं लग्न लागत नसे. मग स्वतःच्या धाकटीच्या लग्नाच्या रोट्या ती दुसऱ्या कुणाला कशा लावू देणार?

धाकटी म्हणजे मोहिरा. सत्तावीस उलटली होती तिला. दोनदा सोयरीक जुळून मोडली होती. एकदा मुलाकडे मयत झालं म्हणून, आणि एकदा उगाचच. त्यांच्या मार्गिलान गावात उगाच मोडलेल्या सोयरिकीला लोक जी कारणं शोधून काढतात, ती सगळी बिचारीच्या वाट्याला येऊन गेली होती. आता हे तिसरं स्थळ. मुलगा कोरियात कारखान्यात कामाला होता आणि लग्नासाठी काही महिन्यांची रजा घेऊन आला होता. त्याची आई साबोहत हसून बोलणारी, पण नजर फिरती. पहिल्याच भेटीत तिने अंगणापासून माजघरापर्यंत सगळं न्याहाळून घेतलं आणि म्हणाली, "घरात दुखणंखुपणं नाही ना कुणाला? आमच्याकडे पूर्वी एकदा फसगत झालीय, म्हणून विचारते हो."

"आमच्याकडे दुखणं कुठलं!" इनोबत म्हणाली. प्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट तिने त्याच सकाळी चहाच्या डब्यामागे सरकवलं होतं. तसंही त्या गोळ्या ती डोकं ठणकलं तरच घ्यायची. दवाखान्यातली डॉक्टरीण दर वेळी सांगायची, "खाला, गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची." इनोबत मान हलवायची आणि घरी येऊन म्हणायची, "काही होत नसताना औषध खायचं म्हणजे पोट भरल्यावर जेवायला बसायचं."

येईल-जाईल त्याला मात्र ती एक वाक्य ऐकवायची, "मी मेले तरी चालेल, पण या खेपेला लग्न थांबणार नाही."

"तू मेलीस तर रोट्या कोण लावणार गं?" शेजारणी म्हणायच्या, आणि सगळ्या खिदळायच्या.

लग्नाच्या आठवड्यात तंदूर सकाळपासून पेटलेला होता. कणीक मळायला सून झेबो, गोळे करायला थोरली मुलगी हुस्नोरा, वरून तीळ पेरायला नवरी मुलगी स्वतः. हुस्नोरा दोन गल्ल्या पलीकडे नांदत होती, पण माहेरचा कारभार तिच्याच हातात होता. बाप गेल्यापासून आणि भाऊ ट्रक घेऊन ताश्कंदच्या वाटेला लागल्यापासून या घरात तिचा शब्द शेवटचा असायचा. इनोबतलाही त्याचं कौतुकच होतं. "माझी हुस्नोरा म्हणजे दोन पोरांच्या बरोबरीची," असं ती चारचौघांत सांगायची.

दुपार कलायला लागली होती. हाताला जाड गादी बांधून इनोबत तंदूरच्या तोंडाशी वाकली आणि रोटी आतल्या भिंतीला थापायला तिने हात उचलला. हात उचललाच गेला नाही. रोटी निखाऱ्यांवर पडली आणि जळका वास सुटला. तिला स्वतःचाच राग आला. पाणी मागावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"गालिचा," ती म्हणाली. "मला गालिचा दे."

"काय देऊ, आई?" झेबोने विचारलं.

"गालिचा!" ती ओरडली. आपण चुकीचं बोलतोय हे तिला ऐकू येत होतं, पण बरोबर शब्द जिभेवर येईना. मग झेबोचा चेहरा पांढराफटक पडलेला दिसला, कुणीतरी काखेत हात घातला, आणि द्राक्षाच्या मांडवाखालच्या लाकडी ओट्यावर तिला आडवं केलं. हुस्नोरा तिच्या चेहऱ्यावर वाकून बघत होती. इतकी घाबरलेली हुस्नोरा तिने कधी पाहिली नव्हती. मग डोळे मिटले.

जाग आली तेव्हा सावली सरकली होती. इनोबतने उजवा हात उचलून पाहिला. उचलला गेला. बोटं मिटली, उघडली. "पाणी," ती म्हणाली, आणि पाणीच म्हणाली.

हुस्नोरा उशाशीच बसली होती. "बघा, झालात की बऱ्या! तंदूरची धग लागली हो तुम्हाला. सकाळपासून पोटात घास नाही."

इनोबत उठून बसली. तिच्या मनात एकच गोष्ट आली होती. तिची सासू सात वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिचंही असंच झालं होतं. आधी एकदा तोंड वाकडं होऊन सरळ झालं, सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, आणि पुढच्या शुक्रवारी ती पडली ती पुन्हा उठली नाही. सात वर्षं इनोबतने तिला कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं. तेव्हा शाळकरी असलेली हुस्नोरा आजीचे कपडे पाटाच्या पाण्यात धुवायला न्यायची. वाटेत मैत्रिणी भेटल्या तर टोपली मागे लपवायची.

"हुस्नोरा," इनोबतने विचारलं, "माझं तोंड वाकडं झालं होतं का?"

"काहीतरीच काय!"

"खरं सांग. तुझ्या आजीसारखं झालं होतं का?"

"आई, अल्लाची शपथ घेऊ का आता? हा घ्या आरसा. नवरीपेक्षा तुम्हीच तरुण दिसताय."

आरशात चेहरा सरळ होता. इनोबतने झेबोकडे पाहिलं. झेबो पाण्याचा तांब्या धरून उभी होती आणि मांडवावरच्या द्राक्षांकडे बघत होती. मोहिरा कुठे दिसली नाही.

"गाडी आली होती ना दारात? मला आवाज आला."

"खरबूजवाला होता," हुस्नोरा म्हणाली. "चला, तोंड धुवा. संध्याकाळी साबोहत खाला ताटं घेऊन येणार आहेत."

इनोबतने तोंड धुतलं, रेशमी झगा चढवला, डोक्याला नवा रुमाल बांधला. मुलीने शपथ घ्यायची तयारी दाखवल्यावर संशय धरणं तिला शोभलं नसतं. साबोहत आली, ताटं उघडली गेली, रात्री पुलावात चरबीचे तुकडे जरा जास्तच पडले, आणि इनोबतने विहिणीच्या आग्रहाखातर दोनदा वाढून घेतलं. लग्नही थाटात झालं. कर्ण्यांच्या आवाजाने मोहल्ला दणाणला. इनोबत हात वर करून अशी नाचली की म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. गोळ्यांचं पाकीट चहाच्या डब्यामागेच होतं.

लेक सासरी गेल्यावर आठवडाही झाला नव्हता. सकाळी अंगण झाडताना खराटा तिच्या हातातून गळला. तो उचलायला ती वाकली आणि उजव्या कुशीवर कोसळली. या वेळी ती शुद्धीत होती. झेबो धावत आलेली तिला दिसली. हुस्नोराला न विचारता झेबोने थेट ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी येईपर्यंत ती सासूचं डोकं मांडीवर घेऊन एकच पुटपुटत होती, "या वेळी नाही, आई, या वेळी नाही." त्याचा अर्थ इनोबतला लागला नाही.

अर्थ लागला तो हॉस्पिटलात, दोन दिवसांनी. उजवा हात आणि पाय लाकडासारखे पडले होते. डोक्यात शब्द जागच्या जागी होते, पण तोंडातून निघत ते भलतेच, नाहीतर नुसता घोगरा आवाज. तिला घेऊन आलेल्या ॲम्ब्युलन्सवरचा तरुण डॉक्टर दुसऱ्या पेशंटला सोडायला आला होता. तिला ओळखून तो खाटेपाशी थांबला.

"कशा आहात, खाला? सुनेने लगेच बोलावलं म्हणून एवढ्यावर निभावलं." मग तो खाली वाकून म्हणाला, "पण मला चुटपुट लागून राहिलीय हो. लग्नाआधी मीच आलो होतो तुमच्याकडे. तोंड वाकडं झालंय, हात पडलाय, असा फोन होता. दारात तुमच्या मुलीने अडवलं. म्हणाली, चुकून लागला फोन, आई बाजारात गेलीय. त्या दिवशी नेलं असतं तर औषधं सुरू झाली असती. असा झटका आपोआप ओसरला तरी तो खराच असतो. खरं तर तो पुढचा टाळायला वेळेवर मिळालेला इशाराच असतो."

त्याला वाटलं खालाला हे ठाऊकच असणार. तो तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

इनोबत छताकडे बघत पडून राहिली. खरबूजवाला, ती मनात म्हणाली. हा शब्द तिला बिनचूक आठवत होता.

थोड्या वेळाने हुस्नोरा सूप घेऊन आली. रोज यायची. आईचे केस विंचरायची, पाठीला पावडर लावायची, नर्सशी भांडायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, "अशी लेक नशिबाने मिळते." हुस्नोराने चमचा पुढे केला. इनोबतने ओठ घट्ट मिटून घेतले. सूप हनुवटीवरून गळ्यात ओघळलं.

"डॉक्टर!" हुस्नोरा घाबरून ओरडली, "आईला गिळता येत नाहीये!"

इनोबतला चांगलं गिळता येत होतं. झेबोच्या हातून ती मुकाट्याने खायची. हे दोनतीनदा झालं तेव्हा हुस्नोराला कळलं. तिने चमचा वाटीत ठेवला आणि वाटी उशाशी. काय झालं असेल ते तिच्या लक्षात आलं होतं.

घरी आणल्यावर व्यायाम सुरू झाले. पाटी धरून अक्षरं, भिंतीला धरून पावलं. शब्द एकेक करून परत आले, दूर गेलेल्या मेंढ्या संध्याकाळी एकेकट्या परतायला लागाव्यात तसे. द्राक्षाची पानं गळून मांडव उघडा पडला तेव्हा तिला वाक्यं जुळवता यायला लागली. पहिलं मोठं वाक्य जुळवून तिने हुस्नोराला समोर बसवलं.

"मी विचारलं होतं तुला," इनोबत म्हणाली. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "आरसा... दिलास. तोंड वाकडं झालं होतं."

हुस्नोराने मान हलवली.

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"बस्स. एवढंच विचारलं होतं मी."

"आई, काय करायला हवं होतं मी?" हुस्नोराचा बांध फुटला. "सगळी गल्ली दारात जमली असती. साबोहत खाला संध्याकाळी येणार होत्या. त्या काय म्हणाल्या होत्या विसरलात का? तिसऱ्यांदा मोडलं असतं. मोहिराने विहीर जवळ केली असती. आणि तुम्हीच तर उठताबसता म्हणत होता, मी मेले तरी चालेल, पण लग्न थांबायला नको!"

"मरायचं म्हणाले होते," इनोबत म्हणाली. "पडून राहायचं नव्हते म्हणाले."

इनोबतने डाव्या हाताने पडलेला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी परकी वस्तू ठेवावी तसा.

"तू धुतले होतेस... आजीचे कपडे. तुला माहीत होतं. दुसरी कुणी असती तर म्हटलं असतं, अडाणी. तुला माहीत होतं गं."

"लग्न झालं की दुसऱ्या दिवशी नेणार होते मी तुम्हाला."

"मग?"

लग्नानंतर पाहुणे होते, मग भांडी परत करायची होती, मग आई चांगली हिंडतफिरत होती. सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं होतं.

"येऊ नकोस," इनोबत म्हणाली. "मला... तुझ्या हातचं नको."

हुस्नोरा उठली, तेव्हा इतका वेळ चुलीपाशी उभी असलेली झेबो बोलली. सात वर्षांच्या संसारात ती सासूपुढे कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"एकट्या हुस्नोरा आपांना का बोलता, आई? फोन मी लावला होता, खरंय. पण मोहिराने आपांचे पाय धरले. म्हणाली, गाडी आत आली तर मी जीव देईन. आपा आधी दार उघडायलाच गेल्या होत्या."

"झेबो, गप्प बस!" हुस्नोरा किंचाळली.

"का गप्प बसू? मी एकदा बसले ना गप्प!"

इनोबतने डोळे मिटले. हॉस्पिटलच्या खाटेवर सारे हिशेब करताना तिने मोहिराला त्यातून अलगद बाजूला ठेवलं होतं. धाकटीला काही माहीत नसणार, ती तीळ पेरत होती, तिला आत पाठवलं असणार, असं तिने स्वतःला पटवलं होतं. तेवढा एक कोपरा शाबूत होता. आता तोही गेला.

कोरियाला जाण्याआधी मोहिरा भेटायला आली. बरोबर नवरा होता, साबोहत होती, मिठाई होती. साबोहत हळहळली, "अहो, अचानकच झालं की हो सगळं! काहीच लक्षण नव्हतं."

"काहीच नव्हतं," इनोबत म्हणाली आणि मुलीकडे पाहिलं. मोहिराने मान खाली घातली.

मग माणसं अंगणात गेली तेव्हा मोहिरा तिच्या पायाशी येऊन बसली. "आई, तुम्ही थोड्या वेळातच बऱ्या झाला होता. बोलायला लागला होता. आम्हाला वाटलं, आलं आणि गेलं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

इनोबतने खरोखर विचार केला. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते कडू होतं. "मीच म्हणाले असते, दार लावा. लग्न होऊ दे." ती थांबली, श्वास घेतला. "गोळ्या घेतल्या असत्या. चरबी खाल्ली नसती. मागच्या दाराने, बुरखा घेऊन, गेले असते दवाखान्यात. किंवा नसते गेले. पण ते मी ठरवायचं होतं. माझं डोकं होतं ते."

मोहिरा रडायला लागली. पूर्वी तिच्या डोळ्यांत पाणी आलं की इनोबतचा जीव कासावीस व्हायचा. आता ती बघत राहिली. "जा," ती म्हणाली, "गाडी चुकेल." जाताना लेकीने मिठी मारली, तेव्हा इनोबतचा डावा हात चांगला असूनही जागचा हलला नाही.

हिवाळा आला. हुस्नोरा आत यायची नाही, पण रोज सकाळी फाटकापाशी येऊन झेबोला विचारायची, "आज प्रेशर किती?" झेबो आकडा सांगायची. कधी मध किंवा दुधाची बरणी दारात ठेवून हुस्नोरा परत जायची. इनोबत खिडकीआडून ऐकायची. प्रेशर आता रोज मोजलं जात होतं, गोळी रोज घेतली जात होती, चहात मीठ नव्हतं आणि पुलावात चरबीही नव्हती. झेबो ते सगळं न चुकता करायची. तरी एकदा गोळी हातावर घेताना इनोबत तिला म्हणालीच, "तूही द्राक्षं बघत होतीस तेव्हा." झेबोने "हो" म्हटलं. तेवढं एक उत्तर इनोबतला बरं वाटलं.

"तिचं नाव या घरात काढू नकोस," असंही तिने झेबोला बजावून ठेवलं होतं.

मग एका सकाळी फाटक वाजलं नाही. इनोबत खिडकीपाशी बसून राहिली. चहा निवला. शेवटी न राहवून तिने विचारलं, "बाहेर कुणी आलं नाही आज?"

झेबो घुटमळली. "फोन आला होता आपांचा. डोकं ठणकतंय म्हणे रात्रीपासून. हाताला मुंग्या येतायत."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, नाव काढू नको..."

"कुठल्या हाताला?"

"विचारलं नाही. पण तसं काही नाही म्हणाल्या. थंडीने होत असेल."

इनोबतने सुनेकडे रोखून पाहिलं. "ती म्हणते काही नाही, आणि तू मला सांगतेस काही नाही." आता कुणीही काहीही सांगितलं तरी ते खरं की आरसा, हे तिला कधीच कळणार नव्हतं. "फोन लाव. चेहरा दिसेल असा."

झेबोने फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर हुस्नोरा आली. डोक्याला रुमाल आवळून बांधलेला, डोळे सुजलेले. आईला समोर पाहून तिने रुमाल सावरला.

"हस," इनोबत म्हणाली.

"काय?"

"हस म्हणते ना. दात दिसू देत."

हुस्नोरा हसली. गालांवरून पाणी ओघळत असताना तिने दोन्ही ओठ ताणून दात दाखवले. इनोबतने फोन जवळ ओढला आणि तोंडाचा एक कोपरा पाहिला, मग दुसरा.

"हात वर कर. दोन्ही. डोळे मीट. तसेच धरून ठेव."

दोन्ही हात वर गेले आणि वरच राहिले.

"आता बोल काहीतरी."

"आई, मला माफ करा," हुस्नोरा म्हणाली. "मी त्या दिवशी दार उघडायला..."

"शब्द नीट आहेत," इनोबत झेबोला म्हणाली. मग पुन्हा पडद्याकडे वळून, "तरी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं. गेलं बाई दुखणं, म्हणून घरी बसायचं नाही. ऐकतेस?"

"हो, आई."

इनोबतने फोन झेबोच्या हातात कोंबला आणि तोंड फिरवलं.

"मी जाऊ का त्यांच्याबरोबर?" झेबोने हळूच विचारलं.

"जा," इनोबत म्हणाली. "प्रेशर तुझ्यासमोर मोजायला लाव. आकडा डोळ्यांनी बघ, तिला विचारू नकोस." झेबो दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, "आणि मी पाठवलं म्हणून सांगायचं नाही."